हनीफचा पाट

पहिला फटका नीट बसला नाही. दुसरा कोपरावर बसला, तरी हात सुटेना. माझ्या हातात कपडे धुवायचं धोपाटणं होतं, बाभळीचं, जड. तिसऱ्या वेळी मी पाय रोवून मनगटावर मारलं. हाड मोडल्याचा आवाज आला. मग हनीफचे दोन्ही हात कॉम्प्युटरच्या डब्यापासून सुटले आणि तो फरशीवर उताणा पडला.

करंटला चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही, लाकडानं मारायचं, हे मला त्यानंच शिकवलं होतं. "मावशी, सख्खा ल्योक असला तरी हाताला हात लावायचा न्हाई. लाकूड घ्यायचं आन् हानायचं. दया दाखवायची न्हाई."

मी दया दाखवली नाही.

हनीफ आमच्या घरी दोन वर्षं येत होता. त्याआधी मी त्याला ओळखत नव्हते, त्याच्या बापाला ओळखत होते. कर्जतमध्ये लग्न म्हटलं की लाऊडस्पीकर त्याच्या बापाचा. झाडावर चढून कर्णा बांधायचा आणि खाली उतरून विडी ओढायचा. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकलेली होती. एका लग्नात मांडवाच्या लोखंडी खांबाला करंट आला होता, त्या वेळची. हनीफ तेव्हा लहान होता आणि तिथंच उभा होता. पुढं तो रेडिओ दुरुस्त करायला शिकला, मग टीव्ही, मग पुण्याला जाऊन सहा महिन्यांत कॉम्प्युटर शिकून आला. बाजारतळाजवळ त्यानं दुकान टाकलं. गावात तेव्हा मोजून सात-आठ कॉम्प्युटर असतील. लोक म्हणायचे, हा उपाशी मरणार.

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो माझ्या मुलामुळं. दत्ता कोपरगावकडं साखर कारखान्यात कारकून होता. कारखान्यानं नवी मशीनं घेतली आणि जुनी काढून टाकली, त्यातलं एक त्यानं घरी आणलं. माझी सून मंगल मॅट्रिक होती आणि तिला मराठी टायपिंग येत होतं. ती शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करायला लागली. दत्ता पंधरा दिवसांनी यायचा. एरवी घरात मी, मंगल आणि तो डबा.

डबा पुढच्या खोलीत ठेवला. त्याच खोलीत देवाची फळी होती, म्हणून तिथं चपला चालत नसत. शिवाय तेव्हा सगळीकडंच कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायची रीत होती. धुळीनं मशीन बिघडतं म्हणायचे. शाळेतसुद्धा पोरं रांगेनं चपला काढून आत जायची.

पहिल्यांदा मशीन बंद पडलं तेव्हा मंगलनं हनीफला बोलावलं. उंच माणूस, खांदे पुढं आलेले, खिशात टेस्टर, पेन आणि शाळेच्या पोरांचं असतं तसं वासाचं खोडरबर. पायात टायरच्या तळाच्या चपला. तसाच आत आला.

मी म्हटलं, "चपला बाहेर."

"मावशी, चपलाशिवाय मी मशीनला हात लावत न्हाई."

"मग लावू नको."

तो वळला. मग बाहेर गेला. मला वाटलं गेला. पण त्यानं लुनाच्या मागं बांधलेली पिशवी सोडली आणि त्यातून पाट काढला. जेवायला बसतो तसला पाट, सागाचा, चार ठोकळ्यांवर उभा, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. चपला दारात काढल्या, पाट टेबलापुढं ठेवला आणि त्यावर उभा राहिला.

"नवरदेव हायेस का?" मी म्हटलं.

"समदे हेच विचारत्यात," तो म्हणाला. "अक्षता तेवढ्या कुणी टाकत न्हाई."

त्यानं डब्याला आधी हाताची पालथी बाजू लावली. तळहाताची नाही, पालथी. ही त्याची सवय होती. कुठल्याही लोखंडाला, नळाला, फ्रीजला, एकदा तर आमच्या कपाटालाही त्यानं आधी पालथा हात लावलेला मी पाहिला. मी कारण विचारलं. म्हणाला, करंट बसला की हात आवळतो. तळहात लावलेला असला तर मूठ वळते आणि वस्तू धरून ठेवते. पालथा असला तर हात आपोआप मागं येतो. "बापाची बोटं बघितली ना तुमी? त्यानं तळहात लावला हुता."

त्या दिवशी त्याचा हात मागं आला. "गुदगुल्या करतंय," तो म्हणाला. "वहिनी, तुमाला लागत न्हाई का?"

मंगल म्हणाली, "मुंग्या येतात थोड्या. मला वाटलं असंच असतं."

"असंच नसतं," तो म्हणाला.

डब्याला अर्थिंग नव्हतं. आमच्या घराचं वायरिंग जुनं, दोन तारांचं. प्लगला तीन पिना, पण तिसरी नुसती नावाला. अर्थिंग म्हणजे काय ते त्यानं मला सांगितलं, मी फार लक्ष दिलं नाही. तो गेला तेव्हा पाट टेबलाखालीच ठेवून गेला. मंगलला म्हणाला, अर्थिंग होईपर्यंत पाय यावर ठेवा, फरशीवर नको.

डब्याचं काय बिघडलं होतं, ते सांगायचं राहिलं. आमच्या शेजारी पिठाची गिरणी आहे. मधे बोळ, आणि बोळात आमची खिडकी. हनीफनं डब्याचं झाकण काढलं आणि आत बोट फिरवलं. बोट पांढरं. त्यानं मला हाक मारली. आतल्या पंख्यावर, तारांवर, सगळीकडं पिठाचा थर.

"मावशी, परात आना. दोन भाकरी हुत्याल."

त्यानं ब्रशनं पीठ झाडलं, आतली मेमरीची पट्टी काढली आणि तिच्या पिवळ्या दातांवर खोडरबर घासलं, पोरं वहीवर घासतात तसं. पट्टी परत बसवली. मशीन सुरू झालं. एवढ्यासाठी पुणे-नगरची माणसं नवं मशीन घ्यायला लावतात, असं मंगल नंतर म्हणाली. जाताना तो गिरणीत गेला आणि गिरणीवाल्याला म्हणाला, "दळन तुमी करा, पन आमच्या मशीनला वाढू नका." गिरणी चालू असली की ती खिडकी बंद ठेवायची, असा त्यानं आम्हाला नियम घालून दिला.

चहाचं त्याचं वेगळंच होतं. मशीन सुरू झाल्याशिवाय चहा प्यायचा नाही. कप शेजारी ठेवलेला, त्यावर जाड साय येई, माशी बसे. काम संपलं की ती साय बोटानं बाजूला करून गार चहा एका दमात प्यायचा. मी दुसरा करून देते म्हटलं तर नको म्हणायचा. एकदा मशीन सुरूच झालं नाही, तेव्हा चहा तसाच ठेवून गेला आणि दुसऱ्या दिवशी आल्यावर विचारतो, "कालचा च्या कुठाय?"

"म्हशीला घातला," मी म्हटलं. आमच्याकडं म्हैस नव्हती.

"मग ती आज जास्त दूध देईल," तो म्हणाला.

त्याचं एक बोलणं होतं. तो म्हणायचा, मशीन खोटं बोलत नाही, माणूस बोलतं. मशीन बिघडलं की तो आधी माणसाला विचारायचा, काय केलं? आणि प्रत्येक जण एकच उत्तर द्यायचा: मी काहीच केलं नाही. हनीफ ते उत्तर ऐकून घ्यायचा आणि गप्प बसायचा. पुढं काही विचारायचा नाही. नुसता बसायचा. थोड्या वेळानं माणूस आपणहून बोलायला लागायचा. "पयलं उत्तर मी धरतच न्हाई," तो म्हणायचा. "दुसरं आलं की कामाला लागतो."

हे मी डोळ्यांनी पाहिलं. मंगलकडं प्रश्नपत्रिका टाइप करून घ्यायला एक गुरुजी यायचे. एकदा ते बसलेले असताना मंगल आत चहा करायला गेली, बाहेर आली तर पडद्यावरची इंग्रजी अक्षरं एकेक करून खाली गळत होती. चिंचेचा पाला गळतो तशी. खाली ढीग साचला. मंगल किंचाळली. मला वाटलं भूतबाधा आहे, मी बाहेरूनच बघत राहिले. हनीफ आला. त्यानं पाटावर बसकण मारली.

"गुरुजी, काय केलं?"

"मी? मी काहीच नाही केलं. मी नुसता बसलो होतो."

हनीफ बसला. गुरुजी बसले. भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं. गुरुजींनी टोपी काढली, घातली.

"एक फ्लॉपी फक्त घालून बघितली," गुरुजी म्हणाले.

"हं."

"पुतण्यानं पुण्याहून पाठवली. मोटारींचा खेळ आहे म्हणाला."

"खेळ झाला का मग?"

गुरुजींनी टोपी पुन्हा काढली. हनीफनं ती फ्लॉपी दोन बोटांत धरून काढली, मेलेली पाल उचलावी तशी, आणि मशीन साफ केलं. अर्धा दिवस लागला. चहा गार झाला.

हा व्हायरस एका फ्लॉपीतून सगळ्या मशीनमध्ये कसा जातो, ते मला कळेना. मी चौथी शिकलेली. त्यानं मला सांगितलं, "मावशी, तुमी शेजारणीकडनं विरजन आनता ना? चमचाभर. ते आंबट असलं तर तुमचं पातेलंभर दही आंबट. त्या दह्याचं विरजन तुमी तिसरीला दिलं की तिचं बी आंबट. कुणी मुद्दाम करत न्हाई. पन आळीभर आंबट दही."

ते मला लगेच कळलं. त्यानंतर कोणीही फ्लॉपी घेऊन दारात आलं की मी विचारायची, "कुणाचं विरजण?" हेडमास्तरांनाही विचारलं. हनीफच्या दुकानात झाकण नसलेलं एक जुनाट मशीन होतं, फ्लॉपी आधी त्यात घालून तपासायची. त्याला तो आजोबा म्हणायचा. "आजोबाला काय बी चारा. त्याचं आता काय बिघडायचंय?" त्यानं तपासली की फ्लॉपीवर पेनानं एक टिंब करायचा. टिंब नसलेली फ्लॉपी मी उंबऱ्याच्या आत येऊ देत नव्हते.

अर्थिंगचा खड्डा त्यानं स्वतः खणला. आमच्या अंगणात मुरूम आहे, पहार लागते. दोन दिवस खणत होता. मी म्हटलं माणूस लावू, तर म्हणाला, "मानूस हातभर खनतंय आन् माती टाकतंय." खड्ड्यात त्यानं तांब्याची पट्टी उभी केली, भोवती थर दिले, एक मिठाचा, एक कोळशाचा, पुन्हा मिठाचा. वर माती. पट्टीला तार जोडून ती खिडकीतून आत, तिसऱ्या पिनेला. मग पालथा हात डब्याला लावला. मुंग्या नाहीत.

"आता याला रोज एक बादली पानी," तो म्हणाला. "माती ओली हाय तवर ती करंट पिऊन टाकती. वाळली की ती नुसती माती."

मंगल म्हणाली, "मग हा पाट घेऊन जा आता, हनीफभाऊ. दुसरीकडं अडत असेल."

"राहू द्या, वहिनी. खड्ड्यावर माझा भरवसा हाय. पानी घालनाऱ्यावर न्हाई." आणि माझ्याकडं बघून हसला.

मी म्हटलं, "तुझ्या खड्ड्याला माझ्या पोरापेक्षा जास्त पाजीन."

पाट तिथंच राहिला. तो कामाला आला की मंगल पाय काढायची आणि तो त्यावर उभा राहायचा. मंगल कामाला बसली की तिचे पाय त्यावर. इतर घरांत तो मग चपला घालून जायला लागला आणि लोकांशी भांडायला लागला, असं त्याची बायको रशिदा सांगायची. दुसरा पाट करून घे म्हटलं तर करतो करतो म्हणायचा.

त्यानंतर आमच्या दारात आला की तो आधी एकच विचारायचा. बरं आहे का, दत्ता आला का, असलं काही नाही. "मावशी, खड्ड्याला पाजलं का?"

पाजत होते. भांड्यांचं पाणी, धुण्याचं पाणी, सगळं तिथं. पावसाळा गेला, थंडी गेली. मग उन्हाळा आला आणि आमच्या आळीत टँकर चौथ्या दिवशी यायला लागला. एका घराला दोन टिपं, लोखंडी पिंपं. मी धुणं आठवड्यावर नेलं. भांडी राखेनं घासून पुसून घेत होते. जमिनीत ओतायला बादलीभर पाणी कुठून आणणार? मी बंद केलं.

पंधरा-वीस दिवसांत मंगलला पुन्हा मुंग्या यायला लागल्या. ती म्हणाली, हनीफभाऊंना बोलावू. मी म्हटलं नको. तो आला असता तर त्यानं खड्ड्यात हात घातला असता आणि कोरडी माती माझ्यापुढं धरली असती. मला ते नको होतं. मंगलच्या माहेरचा एक जण वायरमनचं काम करायचा, त्याला बोलावलं. त्यानं भिंतीतलं सॉकेट उघडलं, बोटभर तारेचा एक तुकडा आत जोडला, खड्ड्यातून आलेली तार काढून टाकली. पाच मिनिटांचं काम. मुंग्या गेल्या. तो म्हणाला, सगळीकडं असंच करतात, खड्डेबिड्डे कोण खणतंय.

मी मंगलला म्हटलं, "हनीफला बोलायचं नाही."

ती म्हणाली, "कशाला?"

"नाही म्हटलं ना."

त्याच महिन्यात मशीन पुन्हा गेलं. या वेळी अक्षरंबिक्षरं नाही. सुरू केलं की काळा पडदा आणि वर एक ओळ. कोणा शाळेच्या फ्लॉपीतून आलं, टिंब होतं की नव्हतं, माझ्याकडून चुकलं की काय, ते कधी कळलं नाही. आत चार शाळांच्या वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिका होत्या. परीक्षा नऊ दिवसांवर. शाळांनी हातानं लिहिलेले कागद फाडून टाकलेले, कारण पेपर फुटू नये म्हणून तशी त्यांची पद्धत. म्हणजे त्या प्रश्नपत्रिका जगात एकाच ठिकाणी होत्या, त्या डब्यात. मंगल दोन दिवस जेवली नाही. तिनं हे काम स्वतः मिळवलं होतं, शाळाशाळांत पायी जाऊन. मी तिला धीर दिला नाही. मी म्हटलं, हे गेलं की डबा उचलायचा आणि तू दत्ताकडं जायचं.

हनीफनं डब्यातली हार्ड डिस्क काढली, टॉवेलात गुंडाळली, बाळ नेतात तशी छातीशी धरून दुकानात नेली. मंगलला एवढंच म्हणाला, "वहिनी, यादी मोडलीय, माल आत हाय. आनतो."

सहा दिवस तो दुकानातून हलला नाही. रशिदा जेवणाचा डबा घेऊन जायची. सातव्या दिवशी दुपारी लुना वाजली.

सकाळपासून वारं सुटलं होतं, वैशाखातलं, धुळीचं. पुढच्या खोलीत पायाला वाळू लागत होती, म्हणून टँकरच्या पाण्यातलं तांब्याभर घेऊन मी फरशी पुसत होते. फरशी शहाबादी, पाणी धरून ठेवते. तो दारात आला, दाढी वाढलेली, डोळे लाल.

"मावशी, खड्ड्याला पाजलं का?"

"पाजलं," मी म्हटलं.

तो थांबला नाही. माझं पहिलं उत्तर त्यानं धरलं. चपला दारात काढल्या आणि आत आला.

डब्याला पालथा हात लावला. काही लागलं नाही. "वा," तो म्हणाला, "भरपेट दिसतोय." डिस्क बसवली. झाकण उघडंच ठेवलं. मंगलला म्हणाला, तुमीच बसा, तुमीच बघा. मंगल लाकडी खुर्चीत बसली, पाय पाटावर. तो शेजारी उभा राहिला.

एकेक प्रश्नपत्रिका पडद्यावर आली. सातवी भूगोल. आठवी मराठी. नववी बीजगणित. मंगल प्रत्येकीचं नाव मोठ्यानं वाचत होती. सगळ्या होत्या. मी चहा आणून ठेवला. तो म्हणाला, थांबा मावशी, एवढं बंद करून प्यायचाय.

तेवढ्यात पडदा काळा झाला. पंखा थांबला, बल्ब गेला.

"लाईट गेली," मी म्हटलं.

आमच्याकडं ती रोज जायची. त्याचं कोणाला काही वाटायचं नाही. बल्बचं बटणही कोणी बंद करत नसे, लाईट आली की कळावं म्हणून. वाऱ्यानं खिडकी उघडली आणि बोळातली धूळ आणि पीठ आत यायला लागलं. डब्याचं झाकण उघडं होतं.

हनीफनं डब्याचं बटण बंद केलं. "वहिनी, तिकडची बाजू धरा, आत घेऊ याला," तो म्हणाला. पालथा हात त्यानं लावला नाही. लाईट गेलेली होती. दोन्ही तळहात लावले आणि धरलं.

गिरणी चालू होती. मी तीस वर्षं त्या गिरणीशेजारी राहते. लाईट गेली की गिरणीवाला डिझेलचं इंजिन लावतो, त्याचा आवाज वेगळा, ठोके पडतात. मोटर असली की एकसारखी घरघर. त्या वेळी घरघर येत होती. मला ती ऐकू येत होती. मी फरशीचं फडकं पिळत होते.

मंगलनं दोन्ही हातांनी दुसरी बाजू धरलेली. "हनीफभाऊ, उचला ना," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, "उचला की." मग तिनं वर बघितलं.

धोपाटणं मोरीत होतं. तिथपर्यंत जाऊन यायला मला किती वेळ लागला ते मला सांगता येत नाही.

नंतर वीज मंडळाचे साहेब आले, त्यांनी सॉकेट उघडलं, तारेचा तुकडा काढून कागदावर ठेवला. त्यांनी सांगितलं ते मी तीनदा ऐकलं तेव्हा कळलं. खांबावरून घरात दोन तारा येतात, एकीतून करंट येतो, दुसरीतून परत जातो. वाऱ्यानं परत जायची तार तुटली. येणारा करंट आमच्या बल्बातून पुढं गेला, त्याला परत जायला वाट नव्हती. वायरमननं त्या तुकड्यानं परत जायची तार तिसऱ्या पिनेला जोडली होती, त्यावरून तो डब्याच्या पत्र्यावर आला. बटण बंद असून उपयोग नाही. बल्ब मात्र लागलेला नव्हता, म्हणून आम्ही म्हणालो लाईट गेली. खड्डा असता तर? मी विचारलं. ते म्हणाले, खड्ड्याची तार असती आणि खड्डा ओला असता तर काही झालं नसतं.

रशिदा पंधरा दिवसांनी लुना न्यायला आली. मी तिला सांगितलं, त्यानं विचारलं होतं आणि मी खोटं बोलले. तिनं लुनाचं स्टँड काढलं. तिनं विचारलं, "च्या प्यायले का ते?" मी नाही म्हटलं. ती लुना ढकलत घेऊन गेली. टायरच्या चपला तिनं नेल्या. पाट नेला नाही. मी काढून दिला होता, तिनं हात लावला नाही.

प्रश्नपत्रिका वेळेवर गेल्या. परीक्षा झाल्या.

त्याला जीपमध्ये घातलं तेव्हा मी दारात होते. चार जणांनी उचललं होतं, पाय माझ्याकडं. दोन वर्षांत मी त्याचे तळवे पाहिले नव्हते. कधी चपलेत, कधी पाटावर. ते ओले होते आणि ओल्याला पीठ चिकटलं होतं. जीप वळेपर्यंत तेवढेच दिसत होते.

खोलीत आम्ही तिघं होतो. डब्याला हात दोघांचे होते. मंगलचे पाय पाटावर होते. मंगल वाचली.